कांड्यांची लेस विणताना : कंटाळ्याचे काम आणि सुखाचे काम

मुंबईतील शिवणसाहित्याच्या दुकानात ‘बॉबिन द्या’ म्हटले की दुकानदार शिवणयंत्राची पत्र्याची इवलीशी बॉबिन पुढे करतो, आणि ‘लेस’ म्हटले की साडीच्या काठाला लावायच्या तयार पट्ट्यांची रिळे उलगडू लागतो. त्यामुळे मी ज्या लेसविषयी लिहिते आहे ती नेमकी कोणती, हे आधी सांगायला हवे. एका घट्ट उशीवर भोके पाडलेला नमुन्याचा जाड कागद लावलेला असतो. त्यावर अनेक धागे सोडलेले असतात आणि प्रत्येक धाग्याचे टोक पेन्सिलीएवढ्या लाकडी दांडीवर गुंडाळलेले असते. या दांड्या दोन्ही हातांनी उचलून एकमेकींवरून टाकत गेले की धागे गुंफले जातात, आणि गुंफण हलू नये म्हणून नमुन्यातील भोकात टाचणी खोचली जाते. क्रोशामध्ये एकच धागा असतो आणि त्याचे फास एकातून एक काढले जातात. येथे फास नाही, सुई नाही, आणि एकाच वेळी तीसचाळीस धागे चालू असतात. आपल्या परिचयातील सर्वांत जवळची गोष्ट सांगायची तर ती चौपेडी वेणी. कोळीवाड्यात विणले जाणारे मासेमारीचे जाळे दिसायला या जाळीसारखे असले, तरी त्यात प्रत्येक छेदावर गाठ असते. लेसच्या जाळीत एकही गाठ नसते. धाग्यांचे पीळच एकमेकांना धरून ठेवतात.

या दांडीलाही इंग्रजीत बॉबिनच म्हणतात. मी तिला कांडी म्हणते, कारण मागावर आडवा धागा ज्यावर भरतात तिला आपल्याकडे कांडीच म्हणतात, आणि परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात आयुष्य काढलेल्या माझ्या आजीच्या तोंडी ‘कांडी भरणे’ हा शब्द स्वयंपाकपाण्याइतकाच रोजचा होता. ही कला १६व्या शतकात इटलीत आणि फ्लँडर्समध्ये, म्हणजे मुख्यतः आजच्या बेल्जियमच्या भागात, रुजली; व्हेनिसमध्ये १५५७ साली तिच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले होते. भारतात ती १९व्या शतकात मिशनरी कुटुंबांबरोबर दक्षिणेत नागरकोईलच्या परिसरात पोहोचली. मुंबईत ती शिकायची तर बहुतेकींना घरी बसून, स्वतःच्या हातांनी चुकत शिकावी लागते. हे लेखन त्यांच्यासाठी आहे.

या कामात काही भाग अतिशय कंटाळवाणे आहेत, हे आधीच मान्य करून बसलेले बरे. कांड्या भरणे, नमुना टोचणे, चूक सापडल्यावर मागे उकलत जाणे आणि शेवटची टोके अडकवणे हे ते भाग. काही भाग मात्र इतके सुखाचे आहेत की संध्याकाळचे सात कधी वाजले ते कळत नाही. कित्येक वर्षे हे काम केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कंटाळ्याचे जे काम आपण घाईने उरकतो, तेच पुढे सुखाच्या कामात मधोमध येऊन उभे राहते. सैल भरलेली कांडी तिसऱ्या दिवशी धागा सोडते, तिरके पाडलेले भोक चाळिसाव्या ओळीत टाचणी वाकडी करते. म्हणून कंटाळ्याच्या कामांना त्यांचा स्वतंत्र वेळ द्यावा आणि ती विणकामाच्या बैठकीत मिसळू नयेत. पुढे जे सांगितले आहे ते याच हिशेबाने सांगितले आहे.

साहित्य

पहिल्या कामासाठी १८ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद अशी पुस्तकातील खुणेची पट्टी घ्यावी. रुमालाची कड घेऊ नये, कारण तिचे कोपरे नवख्या हाताला झेपत नाहीत. जगभर सुरुवात ज्या प्रकाराने करतात त्याला टॉर्शन म्हणतात. तो चौकटीच्या कागदावर आखता येतो, धागा फार बारीक लागत नाही आणि चूक चटकन दिसते.

उशी बाजारात आयती मिळत नाही. वेगवेगळ्या देशांत तिचे आकार वेगळे आहेत: माल्टामध्ये ती आपल्या बैठकीवरच्या लोडासारखी लांबट असते आणि भिंतीला टेकवून ठेवतात, तर स्लोव्हेनियातील इद्रिया गावी ती लंबगोल असून टोपलीत ठेवतात. (त्या गावातील लेसची शाळा १८७६ पासून चालू आहे आणि स्लोव्हेनियातील ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत आली.) आपल्या घरी सपाट उशी सोयीची. वेष्टनासाठी वापरतात तो घट्ट पॉलिथिलीन फोम सुमारे ४० सेंटिमीटर चौरस आणि पाच सेंटिमीटर जाड असा घ्यावा, त्याच्या कडा थोड्या उतरत्या कापाव्यात आणि त्यावर गडद निळे किंवा हिरवे सुती कापड ताणून शिवावे. थर्मोकोल वापरू नये. त्याचे दाणे सुटतात, आणि दोनदा टाचणी घातली की भोक सैल होते. कापड गडद व एकरंगी असावे, कारण पांढरे धागे दिवसभर त्याच्यावर ओळखायचे असतात. फुलाफुलांच्या कापडावर डोळे तासाभरात थकतात.

कांड्या लागतील ३२. पहिल्या प्रयत्नासाठी गोल पेन्सिलींचे दहा सेंटिमीटरचे तुकडे चालतात, मात्र धागा घसरू नये म्हणून टोकाजवळ कानशीने एक खाच पाडून घ्यावी. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या वापरू नयेत. त्यांच्यावर धागा समान बसत नाही आणि त्या हातात फिरत नाहीत. माझ्या कांड्या मी सावंतवाडीच्या चितार आळीतील एका कातारीकाकांकडून घडवून घेतल्या. लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी कातणाऱ्या माणसाला मान, पोट आणि डोके असलेली कांडी समजावून सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत. इंग्लंडमध्ये कांडीच्या खालच्या टोकाला तारेत काचमणी ओवतात; त्यामुळे तिला वजन येते आणि ती उशीवर गडगडत नाही. मणी लावायचे असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्ल्यांत हवे तसे मिळतात.

धागा ४० क्रमांकाचा क्रोशाचा घ्यावा आणि नमुन्यात कडेच्या शेजारच्या दोन टाचण्यांत ५ मिलिमीटर अंतर ठेवावे. धागा बदलला तर हे अंतरही बदलते. आधी चार-पाच सेंटिमीटर विणून पाहावे. जाळी पुठ्ठ्यासारखी ताठ झाली तर धागा जाड आहे. टाचण्या काढल्यावर ती हातात गळून पडली तर धागा बारीक आहे.

टाचण्यांबाबत मात्र काटकसर करू नये. एका जुलै महिन्यात घरातील आजारपणामुळे माझी अर्धी विणलेली पट्टी तीन आठवडे तशीच उशीवर राहिली. टाचण्या साध्या, कार्यालयात कागदांना लावतात त्या होत्या. परत बसले तेव्हा वरून सगळे ठीक दिसत होते. पण पहिली टाचणी उपटली तशी ती किंचित अडखळली, आणि तिच्या जागी तांबूस कडा असलेले एक बारीक वर्तुळ राहिले. दुसरीचे तसेच, तिसरीचेही. गंजाचे असे दोनशेच्या वर ठिपके, नमुना ज्या क्रमाने आखला होता त्याच क्रमाने, पांढऱ्या सुतावर उमटले होते. लिंबू आणि मीठ लावून ते फिके झाले, गेले नाहीत. मुंबईच्या पावसाळी हवेत स्टेनलेस स्टीलच्याच टाचण्या वापराव्यात. पितळी टाचण्या परदेशी पुस्तकांत सुचवलेल्या असतात, पण घाम आणि खारट दमट हवा यांनी त्या हिरवट पडतात.

कांड्या भरणे

हे पहिले कंटाळवाणे काम आहे, आणि ते एका बैठकीत करू नये असे माझे ठाम मत आहे. रोज आठ कांड्या, म्हणजे चार जोड्या, असे चार दिवसांत ते संपते. मी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावते आणि दुपारच्या चहाआधी आठ भरून ठेवते. आठच्या पुढे गेले की बोटे ढिली पडतात आणि धागा सैल बसू लागतो.

प्रत्येक जोडी एकाच अखंड धाग्याची असते. तयार लेसच्या साधारण चौपट धागा प्रत्येक कांडीवर असावा आणि वर हाताशी थोडा जास्त. म्हणजे १८ सेंटिमीटरच्या पट्टीसाठी कांडीला एक मीटर आणि जोडीला दोन मीटर. कापडासारखे भरीव आकार विणताना एक जोडी सतत इकडून तिकडे फिरते. तिला दुप्पट धागा द्यावा. दोन मीटरचा तुकडा कापून एका टोकाकडून एक कांडी भरावी, मग दुसऱ्या टोकाकडून दुसरी, आणि मध्ये वीत-दीड वीत धागा मोकळा ठेवावा. धागा नेहमी एकाच दिशेने भरावा. काही कांड्या उजवीकडे आणि काही डावीकडे भरल्या, तर विणताना एकीचा धागा सुटतो आणि शेजारणीचा आवळतो, आणि त्याचे कारण पुढे शोधूनही सापडत नाही.

भरून झाल्यावर मानेवर फास टाकायचा असतो. धाग्याचा एक वळसा बोटावर उलटा घ्यावा, तो कांडीच्या डोक्यावरून मानेत उतरवावा आणि हळूच ओढावा. फास बरोबर पडला असेल तर कांडी धाग्याला लटकवली तरी धागा सुटत नाही, आणि तीच कांडी आडवी धरून फिरवली तर हवा तेवढा धागा निघतो. प्रत्येक कांडी अशी लटकवून पाहिल्याशिवाय बाजूला ठेवू नये. आजी गिरणीतले सांगायची की कच्ची भरलेली कांडी खात्यातून पुढे जाते खरी, पण तिचे रडगाणे मागावर ऐकू येते. येथे वाइंडिंग खाते आणि माग दोन्ही आपल्याच घरात असल्यामुळे ते रडगाणेही आपल्यालाच ऐकावे लागते.

नमुना टोचणे

हे काम मला कांड्या भरण्याहून अवघड वाटते, कारण यात हाताला लय मिळत नाही. नमुना आलेख कागदावर आखावा: अडीच मिलिमीटरच्या चौकटींत एकाआड एक छेदावर ठिपका, पुढच्या ओळीत एक घर सरकून. असे सुमारे ४०० ठिपके होतात. कागद जाड कार्डशीटवर चिकटवावा आणि त्यावर फिकट निळे पारदर्शक चिकट प्लास्टिक लावावे, म्हणजे पेन्सिलीच्या रेघांची काजळी धाग्याला लागत नाही आणि पांढऱ्या कागदाची चकाकी डोळ्यांना त्रास देत नाही. मग घडी घातलेल्या घोंगडीवर तो ठेवून प्रत्येक ठिपक्यात सुईने भोक पाडावे. सुई बुचात घट्ट रोवून घेतली तर बोटाला खड्डा पडत नाही. नागदेवी स्ट्रीटवरील हत्यारांच्या दुकानांत सुई पकडणारी छोटी चिमट्याची मूठ मिळते, ती त्याहून चांगली.

टोचण्याचे काम सकाळी करावे. सुई सरळ उभी हवी आणि भोक ठिपक्याच्या मधोमध हवे. अर्धा मिलिमीटर सरकलेले भोक कागदावर दिसत नाही, पण जाळीत ते जिभेला लागलेल्या खड्यासारखे शेवटपर्यंत जाणवते. दोन भोके चुकली तर कागद फेकून नवा घ्यावा, हे मी सांगते आणि पाळते.

दोन हालचाली

आता सुखाचे काम. या संपूर्ण कलेत हालचाली केवळ दोन आहेत, आणि युरोपातील अत्यंत नाजूक, गुंतागुंतीच्या लेसही याच दोन हालचालींनी बनलेल्या आहेत. शेजारच्या दोन जोड्या घ्याव्यात, म्हणजे चार धागे. त्यांच्या जागांना डावीकडून १, २, ३, ४ असे मनात म्हणावे. आकडे जागांचे आहेत, धाग्यांचे नव्हेत; धागा सरकला तरी जागेचा आकडा तोच राहतो. दुसरा धागा तिसऱ्यावरून उजवीकडे टाकणे म्हणजे क्रॉस. दुसरा पहिल्यावरून आणि चौथा तिसऱ्यावरून डावीकडे टाकणे म्हणजे पीळ. क्रॉसमध्ये नेहमी डावा धागा वर, पिळात नेहमी उजवा धागा वर. एवढे एकच सूत्र डोक्यात ठेवावे.

क्रॉस आणि पीळ मिळून अर्धा टाका होतो. क्रॉस, पीळ, क्रॉस म्हणजे कापडी टाका, कारण त्याने विणलेला भाग हुबेहूब साध्या विणीच्या कापडासारखा दिसतो. क्रॉस, पीळ, क्रॉस, पीळ म्हणजे पूर्ण टाका. पहिल्या दिवशी चारच जोड्या लावून हे तीन टाके वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांनी करून पाहावेत. रंगीत धाग्यांत कोणता धागा कोठे निघाला ते डोळ्यांना दिसते, आणि एकदा दिसले की पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

पट्टीची सुरुवात करताना पहिल्या ओळीतील सातही टाचण्यांवर दोनदोन जोड्या मध्यावर अडकवाव्यात आणि दोन्ही कडांना एकेक जादा जोडी लावावी. सोळा जोड्या होतात. अडकवण्याचे हे अर्ध्या तासाचे काम वैतागाचे असते, कारण अजून धाग्यांना ताण नसतो आणि कांड्या एकमेकींत शिरतात. ज्या कांड्या चालू नाहीत त्या केसांच्या रबरांनी चारचारच्या जुड्यांत बांधून बाजूला ठेवाव्यात. लेसपासून कांडीपर्यंत अर्धी वीत धागा सुटा असावा. तो जास्त असला की कांड्या गुंततात, कमी असला की प्रत्येक टाक्याला धागा सोडत बसावे लागते. पंखा बंद ठेवावा किंवा अगदी हळू. मे महिन्यात हे कठीण जाते, म्हणून त्या दिवसांत मी पहाटेच बसते आणि मांडीवर हात पुसायला कोरडा पंचा ठेवते.

जाळी

टॉर्शनची जाळी अशी विणतात: दोन जोड्यांचा अर्धा टाका, मध्ये टाचणी, आणि पुन्हा अर्धा टाका घालून ती टाचणी बंद. ओळ आडवी विणायची नसते. कडेपासून आत तिरपे, ४५ अंशांत उतरायचे, मग परत कडेला येऊन पुढची तिरपी ओळ घ्यायची. तिरप्या ओळीची पहिली जोडी कडेच्या उभ्या जोडीतून कापडी टाक्याने बाहेर काढावी, तिला दोन पीळ द्यावेत, टाचणीला वळसा घालावा आणि त्याच उभ्या जोडीतून तिला परत आत आणावे. प्रत्येक टाचणी खोचल्यावर दोन्ही जोड्या अलगद बाहेरच्या बाजूला ताणाव्यात. धागा हिसडून ओढू नये. तो टाचणीपाशी नीट येऊन बसला की बोटांना कळते.

नमुन्यातील सर्वांत एकसुरी भाग ही जाळीच आहे, यात शंका नाही. यंत्रानेही आधी तीच हिरावून घेतली: जॉन हीथकोट या इंग्लिश कारागिराने १८०९ मध्ये पिळाची जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर हाताने फक्त फुले विणून ती यंत्राच्या जाळीवर शिवण्याची रीत पडली. त्या काळच्या विणकरणींना त्यांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने हे काय वाटले असेल ते वेगळे. माझ्यापुरते सांगायचे तर जाळीच मला सर्वांत प्रिय आहे. पहिला तासभर प्रत्येक टाका मनात म्हणावा लागतो. मग कधीतरी म्हणणे थांबते आणि हात चालूच राहतात. क्रॉसच्या वेळी कांड्यांचा एक ठोका पडतो, पिळाच्या वेळी लगेच दोन; मग टाचणीची शांतता; मग पुन्हा तेच. या आवाजात चूक कानाला कळते. पिळाचा एक ठोका कमी पडला तर डोळ्यांनी पाहण्याआधी हात थबकतो.

इंग्लंडमधील लेसच्या शाळांत मुली टाचण्या मोजण्यासाठी तालात गाणी म्हणत असत. आपल्याकडे दळताना ओव्या म्हणायच्या त्यामागेही हेच आहे: हाताच्या फेऱ्याला श्वासाचा फेरा मिळाला की काम जड वाटत नाही. मी मोठ्याने काही म्हणत नाही, पण जात्यावरची एखादी ओवी मनात धरली तर तिच्या साडेतीन चरणांत दोन टाचण्या अगदी बरोबर बसतात.

जाळीत मधून मधून कोळी घालावा. हा आठपायी कोळ्यासारखा दिसणारा गोल आकार टॉर्शनची ओळख आहे आणि नवख्या हातालाही लवकर जमतो. डावीकडून तीन आणि उजवीकडून तीन जोड्या घ्याव्यात व प्रत्येकीला तीन पीळ द्यावेत. हे त्याचे पाय. मग डावीकडच्या तिन्ही जोड्या उजवीकडच्या तिन्हींमधून कापडी टाक्याने पार न्याव्यात. या क्षणी उशीवर काहीच सुंदर दिसत नाही, सहा जोड्यांचा एक ढिला गोळा मध्ये लोंबत असतो. मधोमध टाचणी खोचावी आणि सहाही जोड्या एकदम हातात घेऊन खाली ताणाव्यात. गोळा सरकत वर जातो, टाचणीभोवती घट्ट बसतो आणि पाय एकदम ताठ होतात. मग पुन्हा तिन्हींतून तिन्ही, पुन्हा तीन पीळ. मी आजवर किती कोळी विणले ते मोजलेले नाही, पण तो ताण देताना दरवेळी मी श्वास रोखलेला असतो.

चूक आणि तुटलेला धागा

सुटलेला पीळ बहुधा पाचसहा ओळी पुढे गेल्यावर दिसतो. तो तसाच सोडून देऊ नये. धुतल्यावर जाळी त्या जागी डोळा वटारल्यासारखी उघडते. उकलताना शेवटची टाचणी आधी काढावी, मग त्या जोड्या दोन बाजूंना अलगद ओढाव्यात. शेवटची हालचाल कोणती होती ते धागे स्वतःच दाखवतात. तिच्या उलट हालचाल करून एक पाऊल मागे यावे. टाचण्या नेहमी ज्या क्रमाने लावल्या त्याच्या उलट क्रमाने काढाव्यात. जाळी आणि कापडी टाका उकलणे सोसवते. अर्ध्या टाक्याने भरलेला आकार उकलणे मात्र या कलेतील सर्वांत वाईट काम आहे, कारण त्यात जोड्या एकत्र राहत नाहीत आणि कोणता धागा कोणाचा, हे सांगायला काही उरत नाही. सरावानेही ते सुखाचे होत नाही. त्यावर एकच उपाय आहे: अर्ध्या टाक्याचा आकार दमलेल्या डोळ्यांनी सुरू करू नये.

धागा तुटला तर गाठ मारण्याचा मोह होतो. आजीने मला लहानपणी वाइंडिंग खात्यातील गाठ शिकवली होती. दोन टोके, अंगठ्याखाली एक वळसा, आणि क्षणात बारीक, न सुटणारी गाठ. मासेमारीच्या जाळ्यात घालतात ती गाठही रचनेने हीच. कापडात ती लपते, जाळ्यात ती हवीच असते, पण लेसमध्ये ती मोहरीसारखी वर येते. तेव्हा नव्या कांडीचा धागा मागच्या एखाद्या टाचणीला बांधून तुटलेल्या धाग्याला लगटून खाली आणावा, चारसहा टाके दोन्ही धागे एकच समजून विणावेत आणि मग जुने टोक मागे टाकून द्यावे. पट्टी पूर्ण झाल्यावर ते अगदी जवळून कापावे. तुटलेले टोक फारच आखूड असेल तर ते हाती येईपर्यंत आधी उकलावे लागते.

विणकाम थांबवताना कांड्या जुड्यांत बांधाव्यात, पूर्ण उशीवर धुतलेले मलमलचे कापड घालावे आणि उशी आडवीच ठेवावी. मुंबईच्या घरात तिला जागा शोधणे हाच मोठा प्रश्न असतो. माझी उशी कपाटावर राहते, आणि तिच्या मापाची पातळ लाकडी फळी खाली घातल्यामुळे ती न हलवता उचलता येते. क्रोशासारखे हे काम लोकलच्या डब्यात नेता येत नाही. पट्टी सहासात सेंटिमीटर झाल्यावर वरच्या आतील टाचण्या काढून खाली वापरता येतात. कडेच्या टाचण्या मात्र पूर्ण बसेपर्यंत खोल दाबून ठेवाव्यात, म्हणजे त्यात धागे अडकत नाहीत.

शेवट बांधणे

शेवटची ओळ झाली की मन उतावीळ होते आणि नेमक्या याच वेळी सर्वांत कंटाळवाणे काम उरलेले असते. रुमालाच्या कडेत ३२ टोके सुईने एकेक करून सुरुवातीच्या फासांत ओवावी लागतात. त्यात दीड-दोन तास जातात आणि पाठ भरून येते. पट्टीत सुदैवाने गोंडा करता येतो. प्रत्येक जोडीची दोन टोके शेवटच्या टाचणीखाली उलटसुलट दोनदा बांधावीत, सर्व धागे मध्यावर गोळा करावेत, त्याच धाग्याच्या एका तुकड्याने पाचसहा वेढे देऊन करकचून बांधावेत आणि मगच कांड्या कापून घ्याव्यात. गोंड्याची टोके लेस उशीवरून उतरवल्यानंतर एका रेषेत कापावीत, आधी नव्हे.

गोंडा बांधल्यावर लगेच टाचण्या काढू नयेत. पट्टी एक दिवस तशीच ठेवावी, पावसाळा असेल तर दोन, म्हणजे धागे आपल्या नव्या जागी वळण धरतात. नंतर वरच्या टोकापासून एकेक टाचणी सरळ वर उपटावी. तिरकी ओढली तर जाळी तिच्याबरोबर उचलली जाते. अर्ध्या टाचण्या निघेपर्यंत लेस कागदाला चिकटलेलीच वाटते. शेवटच्या पन्नासेक उरल्या की ती मधून किंचित फुगते, कडा कागदापासून सुटतात, आणि बोट खाली सारले तर ते जाळीतून आरपार दिसते. शेवटची टाचणी मी नेहमी कोळ्याच्या मध्यातील ठेवते.

उतरवलेली पट्टी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून भिजवावी, पिळू नये, पंचावर पसरून सावलीत वाळवावी. ठेवताना घडी घालू नये, पुठ्ठ्याच्या नळीवर मलमलसकट गुंडाळावी. कांड्यांवर उरलेला धागा फेकू नये. समान लांबीच्या कांड्या शेजारी लावून ठेवाव्यात. चार जोड्यांच्या लहान नमुन्यांना तो पुरतो, आणि नव्या भरायच्या कांड्या तेवढ्या कमी होतात.